आयकराचा परतावा : आपले पैसे आणि आपली सावधगिरी

(मंडळाच्या हिंगणघाट येथील वार्षिक स्नेहसंमेलनात एका निवृत्त गणित-शिक्षक सभासदांनी केलेले भाषण. कार्यकारिणीच्या इच्छेवरून ते येथे छापीत आहोत. - संपादक)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. स्नेहसंमेलन म्हटले म्हणजे गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव, वधूवरांचा परिचय, एखादे व्याख्यान आणि मागाहून पंक्ती, असा आपला वर्षानुवर्षांचा परिपाठ. त्यात आयकराच्या परताव्याची ही रुक्ष गोष्ट कोठून शिरली, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. याचे उत्तर असे की ती आपल्या घरांत आधीच शिरली आहे. ती कशी शिरली हे सांगण्याचा अधिकार या सभेत माझ्याइतका दुसऱ्या कोणाचा नाही. कारण फसलेल्यांत मी आहे, आणि एका अर्थी फसविणाऱ्याला दार उघडून देणाऱ्यांतही मी आहे. ते पुढे ओघाने येईलच.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरी माग होते. पुढे हिंगणघाट आणि पुलगाव येथे कापडाच्या गिरण्या निघाल्या आणि घरचा विणकर गिरणीत हजेरी लावू लागला. गिरण्यांचे भोंगे मंदावले तेव्हा त्याच्या मुलांनी नोकऱ्या धरल्या. कोणी रेल्वेत गेला, कोणी पुलगावच्या दारूगोळा भांडारात, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत, कोणी बँकेत, तर कोणी सेवाग्रामच्या रुग्णालयात. मागावर बसणाऱ्या माणसाला आयकराशी काही कर्तव्य नव्हते. नोकरदाराचे तसे नाही. त्याचा पगार हाती येण्यापूर्वीच त्यातून कर कापला जातो, आणि वर्षाअखेर हिशेब मांडावा लागतो. हा कर या देशात प्रथम १८६० साली जेम्स विल्सन यांनी बसविला, आणि आपला वर्धा जिल्हा त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६२ साली, नागपूरपासून वेगळा झाला. म्हणजे दोघे जवळजवळ समवयस्कच म्हणावयाचे. परंतु आपल्या समाजाची आणि या कराची खरी ओळख गेल्या दोन पिढ्यांतलीच. नव्या ओळखीत माणूस जसा बिचकतो आणि जसा भुलतो, तसे आपले झाले आहे.

परतावा म्हणजे काय, हे आधी स्वच्छ समजून घेऊ. आपण वाण्याच्या दुकानी पन्नासाची नोट दिली आणि बेचाळीस रुपयांचे सामान घेतले, तर वाणी आठ रुपये परत करतो. ते आठ रुपये म्हणजे वाण्याने दिलेले बक्षीस नव्हे, त्याची मेहेरबानीही नव्हे. ते आपलेच पैसे. आयकराचा परतावा नेमका असाच आहे. पगारातून, निवृत्तिवेतनातून किंवा बँकेतील मुदतठेवीच्या व्याजातून वर्षभर जो कर कापला गेला, तो प्रत्यक्ष देय करापेक्षा अधिक झाला असेल तर तेवढी वरची रक्कम सरकार परत करते. ज्याचा कर मुळात कापलाच गेला नाही आणि ज्याने भरलाही नाही, त्याला परतावा मिळण्याचा संभव नाही. ही एवढी गोष्ट मनात पक्की असेल तर निम्मी संकटे टळतात. आपल्या समाजातील कितीतरी वृद्ध भगिनींना, ज्यांनी जन्मात कधी विवरणपत्र भरले नाही, परतावा मंजूर झाल्याचे निरोप येतात आणि त्यांच्या घरची शिकलेली मुले ते खरे मानतात, याचे मला आश्चर्य वाटते.

आता हा परतावा येतो कसा? आपण विवरणपत्र भरतो आणि तीस दिवसांच्या आत ते आपलेच असल्याची पडताळणी करतो. बंगळूर येथे आयकर खात्याचे जे केंद्र २००९ पासून चालू आहे तेथे त्याची यांत्रिक तपासणी होते. तपासणीचा निष्कर्ष आपल्या नोंदविलेल्या ई-मेलवर येतो. परतावा निघत असेल तर तो आपण संकेतस्थळावर आधीच नोंदविलेल्या आणि बँकेने खरा ठरविलेल्या खात्यात परस्पर जमा होतो. या वाटेवर कोठेही कोणी आपणास दूरध्वनी करून खाते क्रमांक विचारीत नाही. कार्डावरचे आकडे, पिन, पाठीमागचा तीन अंकी क्रमांक हे तर आयकर खात्याच्या कोणत्याच कामाचे नाहीत. ओटीपी लागतो तो आपण स्वतः संकेतस्थळावर जाऊन काही काम सुरू केले तर. दुसऱ्याने मागितला म्हणून सांगावयाचा नव्हे.

आमच्या गल्लीत एक आजी राहतात. त्यांचे यजमान पुलगावच्या भांडारात होते. ते गेल्यानंतर त्यांना कुटुंब-निवृत्तिवेतन मिळते. अक्षरओळख बेताचीच. एके दिवशी त्यांच्या भ्रमणध्वनीवर निरोप आला की आपला पंधरा हजार चारशे नव्वद रुपयांचा आयकर-परतावा मंजूर झाला आहे, आपला खाते क्रमांक अमुक असल्याची खात्री करा, तो चुकीचा असेल तर खालील लिंकवर जाऊन दुरुस्त करा. खाते क्रमांकाचे मधले आकडे फुल्यांनी झाकलेले होते आणि शेवटचे आकडे अर्थातच आजींच्या खात्याशी जुळत नव्हते. खरी मेख येथेच आहे. क्रमांक चुकलेला पाहून माणूस घाबरतो, आपले पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातील या धास्तीने दुरुस्तीला धावतो. महाविद्यालयात जाणारा नातू लिंक दाबणार इतक्यात आजी त्याच्या हातून यंत्र घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, सरकार पैसे वापस देऊन रायलं म्हन्ते, मंग कारड कायले मागते?"

मी चौतीस वर्षे गणित शिकविले. परंतु इतका नेमका प्रश्न माझ्या वर्गात क्वचितच कोणी विचारला असेल. देणाऱ्याला आपल्या खात्यात पैसे टाकावयाचे असतात. त्याला त्यातून पैसे काढण्याच्या किल्ल्या कशाला हव्यात? पुढे मला कळले की अगदी याच रकमेचा हा निरोप २०२३ साली देशभर फिरत होता, आणि तो खोटा असल्याचे केंद्र सरकारच्या पत्रसूचना कार्यालयाने जाहीरही केले होते. म्हणजे आजींना आलेला निरोप हा त्यांच्या नावचा नव्हताच. शेतात गोफणीने दगड भिरकावावेत, लागेल त्याला लागेल, तशातला तो प्रकार.

लिंक दाबली असती तर काय झाले असते? संगणक-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने सप्टेंबर २०२१ मध्ये याचे जे वर्णन केले आहे ते वाचून अंगावर काटा येतो. लिंकवरून आयकर खात्याच्या संकेतस्थळासारखेच हुबेहूब दिसणारे पान उघडते. तेथे एक ॲप उतरवून घेण्यास सांगतात. ते ॲप निरोप वाचण्याची, आलेल्या-गेलेल्या दूरध्वनींची यादी पाहण्याची आणि ओळखीच्यांचे क्रमांक घेण्याची परवानगी मागते. मग नाव, पॅन, आधार, जन्मतारीख, खाते क्रमांक, कार्ड क्रमांक, पिन असे एकेक विचारले जाते. शेवटी परताव्याची रक्कम दाखवून ती खात्यात पाठविण्याचे बटण पुढे येते. ते दाबले की काहीतरी चूक झाल्याचे आणि दुरुस्ती चालू असल्याचे चित्र पडद्यावर दिसत राहते. आपण त्या चित्राकडे पाहत थांबतो, आणि तेवढ्या अवधीत आपले नाव, आकडे आणि येणारे ओटीपी दुसरीकडे पोचत असतात. या चोराचे नाव ड्रिनिक असे आहे, आणि त्याने सत्तावीस बँकांच्या ग्राहकांवर नेम धरला होता. चोर घरात शिरल्यावर घरमालकालाच "जरा थांबा, काम चालू आहे" असे सांगतो, अशी ही कला आहे!

येथे कोणी म्हणेल की शहाण्या माणसाने फसूच नये. मी तसे म्हणणार नाही. परतावा अडकण्याची खरी कारणेही असतात, म्हणून खोटा निरोप खरा वाटतो. १ एप्रिल २०२० रोजी अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, तर आंध्र आणि कॉर्पोरेशन या बँका युनियन बँकेत विलीन झाल्या. ज्यांची खाती जुन्या बँकेत होती त्यांचे आयएफएससी क्रमांक बदलले आणि कित्येकांना संकेतस्थळावर खाते पुन्हा नोंदवावे लागले. मुलीचे नाव लग्नानंतर बँकेत एक आणि पॅनवर दुसरे असले तरी खाते खरे ठरत नाही. असा परतावा परत गेला तर तो पुन्हा मागण्याची सोय आहे. परंतु ती आपण स्वतः संकेतस्थळावर प्रवेश करून अर्ज करण्याची आहे, निरोपातल्या लिंकवर नव्हे. खात्याच्या संकेतस्थळाचा पत्ता इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन असा आहे. तो स्वतःच्या हाताने लिहावा. भोंदू लोकही पत्त्यात इन्कमटॅक्स हा शब्द घालतात. म्हणून डोके पाहू नये, शेपूट पाहावे. शेवटी जीओव्ही डॉट इन नसेल तर ते घर सरकारचे नव्हे.

तीच गोष्ट नोटिशीची. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रावर, नोटिशीवर आणि आदेशावर एक दस्तऐवज क्रमांक असतो. तो क्रमांक खरा की खोटा हे संकेतस्थळावर कोणालाही, प्रवेशाचा परवलीचा शब्द न देतासुद्धा, तपासता येते. हे सांगावयाचे कारण की लोभ हा फसवणुकीचा एकच दरवाजा आहे. दुसरा दरवाजा भीतीचा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील काही दूरध्वनी केंद्रांवर छापा घातला. तेथे सातशेहून अधिक तरुण-तरुणी रात्रपाळीला बसून अमेरिकेतील लोकांना आपण तेथील कर खात्याचे अधिकारी असल्याचे सांगत, कर थकला आहे, आता पोलीस येतील, अशी दहशत घालीत आणि दुकानातून भेटपत्रे विकत घेऊन त्यांचे क्रमांक सांगावयास लावीत. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने अशाच स्वरूपाच्या, अहमदाबादेतील पाच केंद्रांवर आरोप ठेवले, आणि पंधरा हजारांहून अधिक माणसे नाडली गेल्याचे सांगितले. ज्या अमेरिकेत आपली मुले मोठ्या विद्येसाठी जातात, तेथील सुशिक्षित माणसे मीरा रोडवरच्या विशी-बाविशीतल्या पोरांच्या आवाजाला भ्याली. तेव्हा फसलेल्या शेजाऱ्याला हसण्याचे कारण नाही.

आतापर्यंत जे सांगितले त्यातला लबाड परका होता. आता आपल्या माणसाकडे वळतो, आणि येथे माझी मान खाली जाते.

२०२३ च्या उन्हाळ्यात आपल्याच समाजातील एक तरुण माझ्याकडे आला. नाव सांगत नाही; तो आता या गावात नाही, आणि त्याचे आईवडील सज्जन आहेत. शाळेत त्याला गणित मीच शिकविले होते. विवरणपत्रे भरून देण्याचा त्याने व्यवसाय मांडला होता. तो म्हणाला, "सर, तुमचा कर फार कापला गेला आहे. मी परतावा काढून देतो. पैसे आल्यावर दहा टक्के द्या, नाही आले तर काही देऊ नका." किती रास्त बोलणे! मी त्याला पॅन दिले, आधार दिले, पगाराचे प्रमाणपत्र दिले आणि संकेतस्थळाचा परवलीचा शब्दही दिला. ऑगस्टमध्ये खात्यात ४१,६०० रुपये जमा झाले. मी त्याला ४,१६० रुपये दिले, वर पेढे दिले, आणि पाच-सहा घरी त्याची शिफारस केली.

हे ४१,६०० रुपये आले कोठून, असा प्रश्न गणिताच्या मास्तराला पडावयास हवा होता. माझ्या मुख्याध्यापकांनी कर बरोबरच कापला होता. मग परत काय आले? दोन लाखांवर वीस टक्के म्हणजे चाळीस हजार, आणि त्यावर चार टक्के उपकर म्हणजे सोळाशे. आकडा स्वतःच ओरडून सांगत होता की कोणीतरी माझ्या उत्पन्नातून दोन लाखांची वजावट दाखविली आहे. मी तो हिशेब मांडला नाही, कारण मला तो मांडावयाचा नव्हता. लोभाने माणसाचे गणित कच्चे होते ते असे.

दीड वर्षाने, २०२५ च्या आरंभी, एका जुन्या सहकाऱ्याने सांगितले की आयकर खाते लोकांना आपल्या वजावटी तपासून पाहण्याविषयी निरोप पाठवीत आहे. मला काहीच आले नव्हते. मुलीने संकेतस्थळावर पाहिले तेव्हा उलगडा झाला. माझ्या नावापुढे जो भ्रमणध्वनी क्रमांक आणि ई-मेल नोंदविला होता तो माझा नव्हताच. त्या तरुणाने आपला घातला होता. खात्याने धाडलेले निरोप त्याच्याकडे जात होते आणि तो ते उघडीतही नव्हता. विवरणपत्र उघडले तर त्यात मी एका राजकीय पक्षाला एक लाख वीस हजारांची देणगी दिल्याचे आणि मुलीच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जावर ऐंशी हजारांचे व्याज भरल्याचे लिहिलेले. बंधूंनो, त्या मुलीचे शिक्षण शिष्यवृत्तीवर झाले. तिच्यासाठी मी कधी कोणापुढे हात पसरला नाही, याचा मला अभिमान होता. ती माझ्या शेजारी बसून तो कागद वाचीत होती. ती काहीच बोलली नाही, आणि मलाही बोलवले नाही.

तो खोटेपणा कायद्याच्या दृष्टीने त्या तरुणाचा नव्हे, माझा ठरतो. विवरणपत्र माझ्या नावचे, पडताळणी माझी, पैसे माझ्या खात्यात आलेले. खोटी माहिती देऊन कर चुकविला असे ठरल्यास चुकविलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो आणि प्रसंगी खटलाही. "एजंटाने केले" हे उत्तर तेथे चालत नाही. लिंक पाठविणारा लबाड आपले पैसे नेतो. हा दुसऱ्या जातीचा लबाड आपणांस पैसे देतो आणि आपली सचोटी घेऊन जातो. म्हणून मी त्याला अधिक घातकी समजतो. शिवाय पहिला अनोळखी असतो, आणि हा मुंजीत, लग्नात, पंक्तीत आपल्या शेजारी बसणारा असतो.

मी मार्च २०२५ मध्ये सुधारित विवरणपत्र, ज्याला 'अपडेटेड रिटर्न' म्हणतात, ते भरले. मिळालेली रक्कम, तीवरील व्याज आणि या सर्वांवर पंचवीस टक्के जादा कर असे भरणे आले. म्हणजे मिळाले त्यापेक्षा पुष्कळ अधिक गेले. ४,१६० आणि पेढे वेगळे. परंतु त्या रात्री मला झोप लागली. मी एकटाच नव्हतो, हेही नंतर कळले. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. त्यांत आपला महाराष्ट्रही होता. अशा एजंटांनी ठरावीक टक्क्यांच्या बोलीवर मोठमोठे परतावे काढून दिले, आणि त्यासाठी तात्पुरते ई-मेल काढून नंतर ते सोडून दिल्यामुळे खात्याच्या नोटिसा कोणी वाचल्याच नाहीत, असे सरकारी निवेदनात म्हटले आहे. माझीच कथा दिल्लीत कोणी लिहून काढली की काय, असे ते वाचून मला वाटले. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी स्वतः होऊन १,०४५ कोटी रुपयांच्या खोट्या वजावटी मागे घेतल्या होत्या. चाळीस हजार घरे! त्यांत वर्धा जिल्ह्यातली किती, हे ज्याचे त्याला ठाऊक.

या सभेत असे काही बसलेले आहेत, ज्यांची त्या तरुणाकडे मी शिफारस केली होती. त्यांपैकी काहींनी मजप्रमाणे खोटी वजावट मागे घेतली, काहींनी अद्याप घेतलेली नाही. त्यांना मी हात जोडून सांगतो की ही वाट अजून उघडी आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने सुधारित विवरणपत्राची मुदत संबंधित आकारणी वर्षाच्या अखेरीपासून चार वर्षांपर्यंत वाढविली. मात्र जसजसा उशीर होतो तसतसा जादा कर पंचवीस टक्क्यांवरून पन्नास, साठ आणि सत्तर टक्क्यांपर्यंत चढत जातो. आणि एकदा प्रत्यक्ष चौकशीची नोटीस आली की ही वाट अरुंद होते. म्हणून आज-उद्या करू नये.

आता आपल्या मंडळाविषयी एक कटू गोष्ट. त्या तरुणाची जाहिरात आपल्या स्मरणिकेत छापली गेली होती. "परतावा हमखास" असे तीत शब्द होते. त्या वर्षी संपादक मंडळात मी होतो आणि मुद्रिते मीच तपासली होती. हमखासमधला खा ऱ्हस्व की दीर्घ याचा विचार करण्याचे मला कारण पडले नाही, आणि परतावा हमखास कसा असू शकेल याचा विचार करण्याचे सुचले नाही. पानभर जाहिरातीचे पैसे मिळाले, कागदाचा खर्च निघाला, एवढे पाहिले. आपल्या स्मरणिकेत आलेले नाव म्हणजे आपल्या माणसाचे नाव, असे समजून खेड्यापाड्यांतील कुटुंबे त्यावर विश्वास ठेवतात. एरवी हीच आपल्या मंडळाची पुण्याई आहे. तीच भांडवल म्हणून वापरली गेली. तेव्हा माझी कार्यकारिणीस सूचना आहे की परताव्याच्या टक्क्यांवर मेहनताना घेणाऱ्या कोणाचीही जाहिरात यापुढे घेऊ नये, मग तो अध्यक्षांचा भाचा असो की माझा जावई. विवरणपत्र भरून देण्याचे ठरीव शुल्क घ्यावे, त्याची पावती द्यावी. कामाचे दाम देण्यास कोणाचीच ना नाही.

आणि परवलीचा शब्द कोणालाही देऊ नये. तो दिल्याने काय घडू शकते याचे उदाहरण खुद्द आयकर खात्यातच घडल्याचा आरोप आहे. मुंबईच्या कार्यालयातील एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने वरिष्ठांच्या प्रवेश-किल्ल्या वापरून नोव्हेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२० या काळात बारा खोटे परतावे काढले, आणि त्यांची रक्कम २६३ कोटींवर गेली, असे सीबीआयचे म्हणणे आहे. वरिष्ठांनी विश्वासाने किल्ली हाती दिली, दुसरे काय? सल्लागाराकडून काम करून घ्यावे, परंतु आपल्या समक्ष. आणि पाठविण्यापूर्वी विवरणपत्राचे प्रत्येक पान वाचावे. वजावटीच्या रकान्यात जो आकडा असेल त्याची पावती आपल्या कपाटात आहे काय, एवढेच पाहावयाचे.

इतके करूनही कोणी फशी पडलाच तर त्याने लाजून घरात बसू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा, बँकेला कळवून खाते आणि कार्ड बंद करवावे, आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे तासाभरात फिरतात. मध्येच अडविले तर काही हाती लागते. स्वतः पिन किंवा ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान आपल्याच माथी बसते, असा रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाचा आशय आहे. म्हणजे "सकाळी पाहू" म्हणून घालविलेली रात्र ही आपल्याच खर्चाची. भगिनींना माझी विशेष विनंती आहे. यजमान रागावतील, सून हसेल, या संकोचाने पुष्कळ जणी गप्प राहतात. यजमानांनीही त्या वेळी रागावू नये. रागावण्यास पुढे सवड मिळते.

पंक्तीची वेळ होत आली आहे, आणि वांग्याच्या भाजीचा वास येथवर पोचला आहे, तेव्हा लांबवीत नाही. आपल्या वाचनालयाच्या खोलीत टेबल मांडून ठेवले आहे. बँकेत काम करणारी आपली दोन मुले आणि माझी मुलगी तेथे चार वाजेपर्यंत बसतील. ज्यांनी कधीही दुसऱ्याकडून विवरणपत्र भरून घेतले असेल त्यांनी आपापला भ्रमणध्वनी आणि पॅन घेऊन यावे. संकेतस्थळावर आपल्या नावापुढे कोणाचा क्रमांक आहे आणि गेल्या काही वर्षांत कोणत्या वजावटी लिहिल्या आहेत, हे दाखवून दिले जाईल. परवलीचा शब्द आपण स्वतः लिहावयाचा. ती मुले त्या वेळी तोंड फिरवून बसतील, तसे त्यांना बजावले आहे. आणि ज्यांना चारचौघांत येणे अवघड वाटत असेल त्यांनी माझ्या घरी यावे. सायंकाळी पाचनंतर मी घरीच असतो.